सरकारी बोटीने शहीद द्वीपाला

मराठी माणसाला अंदमान दोन वाटांनी परिचित असते. पहिली वाट सेल्युलर जेलच्या कोठड्यांतून जाते. बाबाराव आणि विनायकराव या सावरकर बंधूंच्या कारावासामुळे काळ्या पाण्याची कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली, आणि ‘माझी जन्मठेप’ ज्यांनी शाळकरी वयात वाचले त्यांच्या मनात कोलू, काथ्या आणि दंडाबेडी यांच्यापलीकडचे अंदमान पुढे फारसे उभेच राहिले नाही. दुसरी वाट आभाळातून येते. दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस अंदमानात दाखल झाल्याची बातमी छापून येते, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या शेतकऱ्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नसतो तोही ती बातमी वाचून औताच्या दुरुस्तीला लागतो. अलीकडे या दोन वाटांना तिसरी येऊन मिळाली आहे. ती सहल-कंपन्यांची. पाच-सहा दिवसांत तीन बेटे, प्रत्येक बेटावर ठरलेले किनारे, प्रत्येक किनाऱ्यावर ठरलेले छायाचित्र, असा तिचा शिरस्ता आहे, आणि त्या शिरस्त्यात शहीद द्वीप या लहानशा बेटाच्या वाट्याला बहुधा सकाळच्या बोटीपासून दुपारच्या बोटीपर्यंतचा वेळ येतो.

पाठीवर एक पिशवी टाकून, सरकारी बोटीचे तिकीट काढून, गावकऱ्याच्या परसातल्या झोपडीत उतरून आणि त्याच्याच चुलीवरचे जेवण जेवून मी या बेटावर आठवडाभर राहिलो, त्याचा हा वृत्तान्त आहे. अल्प खर्चात हिंडणाऱ्याला पैशांच्या ऐवजी वेळ मोजावा लागतो, आणि या बेटाची ओळख वेळ मोजल्यावाचून होत नाही, एवढेच मला यात मुख्यत्वे सांगायचे आहे.

मुख्य भूमीवरून अंदमानला विमानाने जाणे सोयीचे, आणि बरेच आधी तिकीट काढले तर ते फारसे महागही पडत नाही. तथापि ज्याच्याकडे सवड आहे त्याने निदान एकदा तरी जहाजाने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तीन बंदरांतून सरकारी प्रवासी जहाजे सुटतात. महिन्यातून त्यांच्या फेऱ्या मोजक्याच असतात, वेळापत्रक ऐनवेळी पुढेमागे होते, आणि चेन्नईपासूनचे सुमारे बाराशे किलोमीटरांचे अंतर कापायला अडीच-तीन दिवस लागतात. सर्वांत स्वस्त वर्ग ‘बंक’चा. जहाजाच्या पोटात लांबलचक दालन, त्यात एकावर एक अशा बाकवजा शय्यांच्या रांगा, आणि त्या शय्यांवर पसरलेले बेटवासीयांचे संसार असे त्याचे स्वरूप असते. चेन्नईच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करून परतणारी म्हातारी, मुख्य भूमीवर महाविद्यालयात शिकणारी आणि सुट्टीला घरी निघालेली पोरे, लग्नाचा बस्ता घेऊन चाललेले कुटुंब, अशा मंडळींच्या सहवासात ते दिवस घालवले म्हणजे बेट म्हणजे काय याचा पहिला पाठ जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वीच मिळतो. आजारपण, शिक्षण, सोयरीक, यांतले काहीही समुद्र ओलांडल्याशिवाय ज्यांना साधत नाही त्यांच्या धीराची जात निराळीच असते. तिसऱ्या दिवशी सगळे दालन वरच्या डेकवर लोटते, कारण क्षितिजावर हिरवी रेघ उमटलेली असते. आणि ज्यांनी ती रेघ जन्मभर पाहिलेली आहे तेही कठड्याशी उभे राहून ती पुन्हा पाहतात.

पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम् असे झाले. बंदराजवळचा बाजार मात्र अजून जुन्याच नावाने बोलतो, आणि इथली बोली बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांची भागातली आदिवासी अशा अनेक मुलखांच्या माणसांनी मिळून घडवलेली हिंदी आहे. फिनिक्स बेच्या धक्क्यावरून लहान बेटांकडे जाणाऱ्या सरकारी बोटी सुटतात. खासगी जलद बोटी वातानुकूलित आहेत, त्यांत खुर्च्या मऊ आहेत आणि काचा बंद आहेत. सरकारी बोटीचे भाडे त्यांच्यापेक्षा बरेच कमी आणि तिचा डेक उघडा. खिडकीवरच्या रांगेत उभे राहावे लागते, ओळखपत्र दाखवावे लागते, आणि बेटवासीयांना भाड्यात सवलत मिळते. ती असलीच पाहिजे. ही बोट प्रवाशाच्या दृष्टीने सहल असली तरी तिथल्या माणसाच्या दृष्टीने ती एस.टी. आहे, आणि एस.टी.तली जागा आधी गावच्या माणसाची, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

दोनेक तासांच्या त्या प्रवासात मी अंड्यांचे ट्रे, सिमेंटच्या गोण्या, औषधांचे खोके आणि एक नवे शिलाई-यंत्र यांच्यामध्ये बसलो होतो. दक्षिण अंदमानचा किनारा मागे पडला, पाण्याचा रंग शाईसारखा गडद झाला, आणि मग एका मर्यादेवर तो अकस्मात पालटून पारदर्शक पोपटी झाला. तळाशी प्रवाळाची पठारे सुरू झाल्याची ती खूण होती. धक्का जवळ आला तसे तळावरचे खडक एकेक ओळखता येऊ लागले.

या बेटाच्या नावाचा इतिहास जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण त्याचे धागेदोरे आपल्या इतिहासात गुंतलेले आहेत, आणि सहलीच्या पत्रकांत त्याला जागा मिळत नाही. दक्षिण अंदमानच्या पूर्वेला जो बेटांचा पुंजका आहे त्याला रिचीचा द्वीपसमूह म्हणतात. त्यातल्या बेटांची इंग्रजी नावे ओळीने वाचली म्हणजे १८५७ च्या युद्धातल्या इंग्रज सेनानी-अधिकाऱ्यांची हजेरीच घेतल्यासारखे होते. हॅवलॉक, नील, औट्रम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स, निकल्सन, विल्सन, पील. त्यांपैकी हॅवलॉक हा १८५७ च्या जुलैत कानपुरावर चालून गेला आणि नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा त्याने पराभव केला. औट्रमचे नाव तर त्याही आधी आपल्या मुलखाशी जोडलेले आहे. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा तो हाच. आणि ज्याच्या नावाने हे बेट दीड शतकाहून अधिक काळ ओळखले गेले तो जेम्स नील हा मद्रासच्या पलटणीचा अधिकारी. अलाहाबादेत आणि त्यानंतर कानपुरात त्याने चौकशीची औपचारिकताही फारशी न पाळता माणसे फासावर चढवली. कानपुरात जिथे इंग्रज स्त्रिया-मुले मारली गेली त्या बिबीघराच्या फरशीवरचे रक्त कैद्यांना साफ करायला लावून मग त्यांना फाशी देण्याचा हुकूम त्याचाच. सप्टेंबर १८५७ मध्ये तो लखनौला मारला गेला. मद्रासेत त्याचा पुतळा उभारण्यात आला, त्या पुतळ्याविरुद्ध १९२७ साली सत्याग्रह झाला, आणि १९३७ मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने तो रस्त्यावरून हलवून संग्रहालयात ठेवला.

या सनावळीला आणखी एक बाजू आहे. १८५८ च्या मार्चमध्ये डॉ. वॉकर हा अधिकारी दोनशे बंदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला आणि अंदमानची बंदी वसाहत सुरू झाली. तिच्या पहिल्या काळातल्या बंद्यांत सत्तावनच्या उठावात पकडलेली माणसे होती. म्हणजे ज्यांनी उठाव चिरडला त्यांची नावे बेटांना मिळाली, आणि ज्यांनी उठाव केला ती माणसे त्याच बेटांच्या शेजारी जंगल तोडत निनावी मरण पावली. आणि या सर्वांच्याही आधी या द्वीपसमूहात आका-बाले या नावाचा ग्रेट अंदमानी लोकांचा गट राहत होता. आज तो गट उरलेला नाही.

३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जपानी अमलाखालच्या पोर्ट ब्लेअरमध्ये राष्ट्रध्वज फडकवला आणि अंदमानाला शहीद व निकोबाराला स्वराज ही नावे देण्याचा मनोदय सांगितला. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप असे नामांतर जाहीर झाले. याच द्वीपसमूहात १९९६ साली एक सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले असून त्याच्या हद्दीत लॉरेन्स बंधूंच्या आणि औट्रमच्या नावाची बेटे येतात. त्या उद्यानाला नाव दिले आहे राणी झाशीचे. तांब्यांची मनकर्णिका, नेवाळकरांची लक्ष्मीबाई, हिच्या नावाने तिथले प्रवाळ आणि मासे राखले जातात, हे मला बोटीवर नकाशा उलगडल्यावर कळले, आणि मराठी प्रवाशांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असावे याची खंत वाटली.

बेटावरचे लोक मात्र अजून नीलच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी त्या नावाला नीलसाहेबाची आठवण चिकटलेली नाही. त्यांचा इतिहास वेगळा आहे. पूर्व बंगालातून फाळणीने उखडलेल्या कुटुंबांना सरकारने अंदमानात जमिनी देऊन वसवले. १९४९ पासून ही पुनर्वसनाची योजना एकेका बेटावर सरकत गेली आणि पुढे तिच्यातूनच हे बेटही वसले. सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर आणि धक्क्याजवळचे नील केंद्र अशी पाच गावे. वनवासाची कथा ज्यांना पाठ होती त्यांच्या गावांना रामायणातली नावे मिळावीत हे स्वाभाविकच होते. मी ज्या घरी उतरलो त्या घरची मालकीणबाई इथेच जन्मलेली. तिच्या सासऱ्यांचे मूळ घर बारिसालकडचे. मी तिला मासी म्हणत असे आणि ती मला दादा. सासरे आले तेव्हा रान माजलेले होते, जळवा होत्या आणि मलेरिया होता, हे ती त्रयस्थपणे सांगे. पण सासूबाईंनी येताना पदरात बांधून आणलेल्या लाल भोपळ्याच्या बियांविषयी बोलू लागली की तिचा आवाज बदले. तो वेल अजून परसात आहे असे तिचे म्हणणे, आणि त्याची भाजी मी अनेकदा जेवलो.

झोपडी बांबूच्या तट्ट्यांची, वर पत्रा आणि पत्र्यावर ताडपत्री. आत एक खाट, मच्छरदाणी, एक दिवा आणि खुंटी. न्हाणीघर बाहेर. इतक्याच साधनांत माणूस किती सुखाने राहतो याचा प्रत्यय मला पहिल्या दोन रात्रींतच आला. दुपारी भात, मसुरीची डाळ, मोहरी घातलेला मासा आणि एखादी पालेभाजी. रात्री तेच, किंवा पोळी. बाजारात चहाची आणि पुरीभाजीची दुकाने आहेत, सायकली भाड्याने मिळतात, आणि बेट इतके लहान आहे की सकाळी सायकलीने निघालेला माणूस सीतापूरच्या टोकाला जाऊन न्याहारीला धक्क्यावर परत येऊ शकतो. सायकलीचा वेग इथे योग्य आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, केळी, नारळ, मध्येच भाताची खाचरे, खाचरांच्या बांधावर बांधलेल्या गाई, हे सर्व स्कूटरवरून दिसत असले तरी बांधावरच्या माणसाशी बोलायला थांबावेसे वाटत नाही.

अंदमानात या बेटाला भाजीपाल्याचे कोठार मानतात. याचा अर्थ मला एका पहाटे धक्क्यावर कळला. उजाडण्यापूर्वी, बॅटऱ्यांच्या उजेडात, सायकलींवर, हातगाड्यांवर आणि लहान टेम्पोंत भरून माल येऊ लागला. वांगी, दोडकी, चवळीच्या शेंगा, काकड्या, भेंडी, मिरची, केळीचे घड, केळफूल. भाज्या गोण्यांत आणि वेताच्या पाट्यांत भरलेल्या होत्या. पाट्यांच्या तोंडावर केळीची ओली पाने दाबून ती सुंभाने शिवलेली होती, आणि प्रत्येक गोणीवर कोळशाने किंवा रंगाने व्यापाऱ्याची खूण काढलेली होती. कुणाचा त्रिकोण, कुणाच्या दोन आडव्या रेघा, कुणाचे बंगाली अक्षर. चवळीच्या शेंगांच्या जुड्या बांधणारी एक म्हातारी माझ्याजवळच बसली होती. ती शेंगा हाताच्या चवड्यावर ओळीने लावून त्यांची टोके जुळवी, आखूड शेंग निघाली तर ती मधोमध घाली, केळीच्या सोपटाचा दोरा दोनदा गुंडाळी, आणि गाठ न मारता टोक आत खोवून जुडी पाटीत ठेवी. एका जुडीला चहाचा एक घोट घेण्याइतकाही वेळ लागत नव्हता. बोट आली तेव्हा तिच्या दोन पाट्या भरलेल्या होत्या. हमालांनी पाट्या फळीवरून आत नेल्या, कारकुनाने वहीत नोंद केली, म्हातारीने पावती पदराच्या गाठीला बांधली आणि ती घराकडे वळली. श्री विजयपुरम् च्या मंडईत दुपारी जी भाजी विकली जाते तिचा प्रवास हा असा आहे. आणि ज्या दिवशी वादळी हवेमुळे बोटी बंद राहतात त्या दिवशी इथे पिकलेला माल इथेच कोमेजतो. पर्यटनाने पैसा आला हे इथे सगळे मान्य करतात, परंतु बोट सुटली का, हाच प्रश्न अजूनही बेटाच्या रोजच्या हिशेबाचा पहिला प्रश्न आहे.

इथल्या दिवसाचे घड्याळ लावून घ्यायला वेळ लागतो. पुण्याच्या आणि या बेटाच्या रेखांशांत सुमारे एकोणीस अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सव्वा तासाचे; घड्याळ मात्र दोन्ही ठिकाणी एकच. माघ महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पुण्यात अजून ऊन असते तेव्हा इथे काळोख दाटलेला असतो. साडेआठाला गाव झोपते. पहाटे साडेचारला कोंबडा आरवतो, पाचाला अंगणे झाडली जाऊ लागतात, आणि शहराच्या सवयीने आठाला उठणाऱ्या पाहुण्याचा अर्धा दिवस फुकट गेलेला असतो. मासीने दुसऱ्याच दिवशी मला चहा पाचाला देण्याचा परिपाठ सुरू केला, तो मी निमूट स्वीकारला.

सकाळी नऊ-दहानंतर भरतपूरच्या किनाऱ्यावर गजबज असते. पारदर्शक तळाच्या नावा, पाण्यावरचे यांत्रिक खेळ, नारळपाणी, भेळ, कॅमेरे. तिथे येणाऱ्या कुटुंबांना मी दोष देत नाही. वर्षाच्या रजेतले चार दिवस आणि आयुष्याच्या बचतीतली काही रक्कम घेऊन आलेल्या माणसाने समुद्राला पाहून आनंदाने ओरडावे यात गैर काही नाही. परंतु त्यांना तिथे आणून दोन तासांत परत नेण्याचा जो बंदोबस्त आहे त्याविषयी मला तक्रार आहे. त्यांचे बहुतेक पैसे बेटाबाहेरच्या हिशेबात आधीच जमा झालेले असतात; बेटाच्या वाट्याला येतो नारळाचा भाव, आणि मागे उरलेल्या बाटल्या. दुपारची बोट गेली की भरतपूरही शांत होते, आणि मग ज्यांचे ते गाव आहे ती मुले पाण्यात उतरतात.

बेटाचे खरे वैभव ओहोटीला उघडे पडते. लक्ष्मणपूरला दोन किनारे आहेत. त्यांतल्या दुसऱ्यावर प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान लाटांनी कोरून काढली आहे. बंगाली वस्तीने तिला हावडा ब्रिज म्हणावे हे ओघानेच आले. तिथे पोचण्यासाठी सुकतीची वेळ साधावी लागते. मी गेलो तो पौर्णिमेच्या आसपासचा काळ, म्हणजे उधाणाचा. मुंबईच्या मानाने इथली भरती-ओहोटी लहान, उधाणाला दोनेक मीटरांची. पण पठार इतके सपाट आहे की तेवढ्यानेही पाणी फार दूरवर मागे हटते आणि दुपार कलताना समुद्राचा तळ पायवाटेसारखा मोकळा होतो.

मासीचा धाकटा मुलगा पर्यटकांना तिथे हिंडवून आणण्याचे काम करतो. त्याने मला पहिली अट घातली ती पायांची. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही, वाळू दिसेल तिथेच द्यायचा, आणि वाळू दिसत नसेल तर थांबायचे. मग तो एका खळग्याशी उकिडवा बसला आणि मलाही बसायला लावले. खळगा परातीएवढा. प्रथम मला पाणी आणि खडक यांखेरीज काहीच दिसले नाही. थोड्या वेळाने खडकाच्या भेगेत निळ्या-जांभळ्या मखमलीची एक वळीदार रेघ दिसली. तो महाशिंपला होता, खडकात रुतून बसलेला, आणि माझी सावली पडताच त्याने ती रेघ आत ओढून घेतली. आम्ही सावली बाजूला घेतली. रेघ इंचाइंचाने परत बाहेर आली. तळाशी काळी समुद्रकाकडी पडून होती, तिच्या मागे वाळूच्या बारीक गोळ्यांची माळ. वाळू गिळायची, तिच्यातले अन्न घ्यायचे आणि धुतलेली वाळू मागे टाकायची, हा तिचा अखंड उद्योग. एका शंखाला पाय फुटले आणि तो चालू लागला, कारण त्यात खेकडा होता. मग बोटभर लांबीचा एक मासा खडकाच्या रंगातून वेगळा झाला आणि पुन्हा खडकात विरला. त्या एका खळग्याशी आम्ही पाणी परत वळेपर्यंत बसलो, आणि हावडा ब्रिज दुसऱ्या दिवसावर गेला.

यांतले बरेच जीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत २००१ साली प्रवाळ, समुद्रकाकड्या, महाशिंपले आणि अनेक जातींचे शंख घालण्यात आले, आणि अंदमानातून प्रवाळाचा तुकडा नेताना विमानतळावर कुणी सापडला तर तो जप्त होतो. पण कायद्यापेक्षाही त्या मुलाचे म्हणणे मला अधिक पटले. शंख नेला तर उद्या खेकडा राहील कुठे, असे त्याने विचारले. प्रवाळावर आधीच मोठे संकट आहे. समुद्राचे तापमान काही आठवडे नेहमीहून जास्त राहिले की प्रवाळातले सूक्ष्म शैवाल त्याला सोडून जाते, प्रवाळ पांढरा पडतो, आणि उष्मा टिकला तर मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत अंदमानातल्या प्रवाळांनी ही आपत्ती सोसली. मृत फांद्यांचे ढीग किनाऱ्यावर हाडांसारखे पडलेले दिसतात. मात्र त्या पडलेल्या पठारावर कुठे कुठे नव्या प्रवाळाचे नाण्याएवढे ठिपके धरलेले असतात, आणि पर्यटकाची टाच नेमकी त्यांच्यावर पडते. इथल्या समुद्रगवताच्या कुरणांवर चरणारी समुद्रगाय ही तर अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी. ती मला दिसली नाही. गावात अनेकांनी ती एखाद-दोनदाच पाहिली आहे.

आता पाण्याविषयी. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या बेटांवर पाण्याची टंचाई असते हे ऐकून कोकणी वाचकाला आश्चर्य वाटणार नाही. शहीद द्वीपावर बारमाही नदी नाही. मे ते नोव्हेंबर धो-धो पडलेले पाणी समुद्राला मिळते, आणि जानेवारीपासून विहिरी व तळी खाली जाऊ लागतात. पर्यटकांचा मोसम नेमका तोच. शेती, घरे आणि पाहुणे यांचे भागवायचे ते त्याच विहिरींतून. मासीच्या घरी पाहुण्याने दोन बादल्यांत आंघोळ आणि कपडे उरकावेत असा अलिखित नियम होता, आणि मोठ्या हॉटेलांच्या फवाऱ्यांच्या न्हाणीघरांविषयी ती जे बोलली त्यात मत्सर नव्हता, काळजी होती. वीजही इथे बहुतांशी डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांची, आणि ते डिझेल समुद्रावरूनच येते. कचऱ्याचा प्रश्न याहून कठीण. जाळणे, पुरणे किंवा बोटीने परत पाठवणे याखेरीज चौथा मार्ग बेटाला उपलब्ध नाही, आणि पहिल्या दोन मार्गांचा परिणाम अखेर त्याच विहिरींच्या पाण्यात उतरतो.

यासाठीच अल्पखर्ची मुक्कामाची मी शिफारस करतो. जो आठवडाभर एका झोपडीत राहतो, सायकल वापरतो, बाजारातली भाजी आणि मासे खातो, त्याचे पैसे संख्येने थोडे असले तरी ते सायकलवाल्याच्या, चहावाल्याच्या आणि मासीच्या हातात थेट पडतात. आणि राहिल्यामुळे विहिरीत पाणी किती आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते. केवळ स्वस्त म्हणून घासाघीस करणारे, शंभर रुपयांसाठी झोपडीवालीशी अर्धा तास हुज्जत घालणारे तरुणही मी तिथे पाहिले. त्यांचे वागणे मला आवडले नाही. काटकसर स्वतःच्या गरजांत करावी. दुसऱ्याच्या मजुरीत करू नये.

ज्या वाचकांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. भारतीय नागरिकाला या बेटासाठी परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ हवे. रोकड श्री विजयपुरम् हून घेऊन निघावे. परतीच्या विमानाच्या किंवा जहाजाच्या आधी निदान एक दिवस मोकळा ठेवावा, कारण समुद्र खवळला तर बोट सुटत नाही आणि त्याला कुणाचा इलाज नाही. पाण्याची बाटली घरून न्यावी, साबण बेताचा वापरावा, पंचांगात तिथी पाहून उधाणाचे दिवस साधावेत, आणि आपण नेलेले प्लास्टिक आपल्याच पिशवीतून मुख्य भूमीवर परत आणावे. सरकारी बोट सकाळी लवकर सुटते; तिकीट आधीच काढून ठेवावे.